नाव खोडले, पण माणूस झाकला काय?

डहाणू रोड स्टेशनवरून पूर्वेकडे निघाले की थोड्याच अंतरावर आशागड लागते. कायदेविषयक शिबिराच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो होतो. शिबिर म्हणजे काय, तर एक सतरंजी, चार खुर्च्या आणि वनहक्काचे दावे, जातीचे दाखले, अडकलेल्या मजुरीचे कागद घेऊन आलेली माणसे. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक भगिनी पुढे आली. "जयभीम साहेब. माझ्याकडे कागद नाही, पण बोलायचं आहे," म्हणाली.

ती नोकरी करते. तिच्या भागातल्या एका कार्यालयाने महिला कर्मचाऱ्यांची पाहणी केली होती. कामाच्या ठिकाणी त्रास होतो का, कोणाकडून होतो, जातीवरून बोलले जाते का, असे प्रश्न होते. "ताई, नाव लिहायचं नाही, मोकळेपणानं लिहा," असे सांगितले गेले. तिने मोकळेपणाने लिहिले. दोन महिन्यांनी पाहणीचा तक्ता सर्वांना मिळाला. रकाने होते गाव, कामाचा प्रकार, वयोगट, प्रवर्ग आणि तक्रारीचे स्वरूप. नावाचा रकाना खरोखरच नव्हता. पण त्या गावात तसे काम करणाऱ्या बाया किती, आणि त्यांत अनुसूचित जातीची किती? एकच!

"साहेब, तक्त्यात माझं नाव नव्हतं. पण चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या तोंडी माझंच नाव होतं," ती म्हणाली. ज्याच्याविरुद्ध लिहिले तो आता तिला पाहून हसतो. बदलीचा अर्ज तिनेच केला आहे. (तिचे गाव आशागड नव्हे. काम कोणते, वय किती हे आम्ही सांगणार नाही. सांगितले तर त्या कार्यालयात आणि आमच्यात फरक तो काय राहिला?)

कार्यालयाचे उत्तर ठरलेले होते. आम्ही कोणाचेही नाव जाहीर केलेले नाही. वकील म्हणून आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५अ मध्ये साक्षीदारांचे नाव-पत्ते लोकांच्या नजरेस पडणाऱ्या कागदांतून वगळण्याची तरतूद आहे. पण येथे ना खटला, ना साक्षीदार, ना नाव. मग गुन्हा काय घडला?

घडले ते असे की नावाशिवाय नाव सांगितले गेले. आपल्या देशात हे किती सोपे आहे हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तलासरी तालुक्यात दहांतली नऊ माणसे आदिवासी, डहाणूतही बहुसंख्या त्यांचीच. अनुसूचित जातींचे प्रमाण या दोन्ही तालुक्यांत फार थोडे आहे. एखाद्या गावात बौद्धांची दोन-चार घरे, तीही शिक्षक, रेल्वे किंवा आरोग्य खात्याच्या नोकरीने आलेली. अशा ठिकाणी 'अनुसूचित जाती' हा रकाना नसून घराचा पत्ताच असतो. इतर ठिकाणी वारली, कातकरी किंवा एखाद्या भटक्या जमातीचे एकाकी कुटुंब अशाच तक्त्यात उघडे पडते. समाज जितका थोडा, गाव जितके लहान, तितकी त्याची माहिती लवकर नागडी होते.

ही आमची नुसती भावना नाही. संगणकशास्त्रात यावर गेली पंचवीस-तीस वर्षे संशोधन चालू आहे आणि त्यातले एक मोठे नाव आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. लटान्या स्वीनी या अमेरिकेतील कृष्णवर्णीय संशोधक. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या नामांकित संस्थेतून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. १९९० च्या दशकात त्या राज्याने आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातील नोंदी संशोधनासाठी दिल्या. नावे व पत्ते काढून टाकलेले होते. काळजी नको, सर्व सुरक्षित आहे, अशी ग्वाही तेथील गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली. स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी २० डॉलर भरून केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नरसाहेबांच्या जन्मतारखेची शहरात सहा माणसे होती. त्यांत पुरुष तीन. त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच! गव्हर्नरसाहेबांची आजारपणाची माहिती स्वीनी यांनी त्यांच्याच कार्यालयात पाठवून दिली.

पुढे २००० साली त्यांनी हिशेब मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकटे ओळखता येतात. २००६ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने नव्याने आकडेमोड करून हे प्रमाण ६३ टक्क्यांवर आणले. तरी शंभरात त्रेसष्ट! यावर स्वीनी यांनीच उपाय सुचवला. तक्ता जाहीर करण्यापूर्वी पाहावे की प्रत्येक ओळीसारख्या दिसणाऱ्या आणखी निदान अमुक इतक्या ओळी आहेत ना. पाच, दहा, जी संख्या ठरेल ती. नसतील तर रकाना ढोबळ करावा. गावाऐवजी तालुका लिहावा, चौतीस वर्षांऐवजी तीस ते पंचेचाळीस लिहावे. आमच्या भगिनीच्या बाबतीत एवढे केले असते तरी निदान त्या तक्त्याने तिच्याकडे बोट दाखवले नसते.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत घालताना गुरुजींनी जी लिहिली ती. अमेरिकेत जन्मतारखेने माणूस सापडतो, आपल्याकडे १ जूनने अख्खी आळी उभी राहते. अडाणी ठरवलेल्या बापाच्या मुलाला गुरुजींनी नकळत एक संरक्षण दिले म्हणायचे! पण जन्मतारखेने जे वाचवले ते जातीच्या रकान्याने घालवले.

आणि आता तर कागद लिहायचीही गरज उरलेली नाही. खिशातला मोबाईल कोणत्या टॉवरजवळ आहे याची नोंद सतत होत असते. २०१३ मध्ये संशोधकांनी युरोपातील एका देशाच्या १५ लाख मोबाईलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नावे अर्थातच नव्हती. निष्कर्ष असा निघाला की कोणत्या वेळी कोठे, अशा फक्त चार जागा ठाऊक असल्या की ९५ टक्के माणसे गर्दीतून वेगळी काढता येतात. आशागडच्या बाजूच्या पाड्यावरचा एखादा मजूर डोळ्यांसमोर आणा. पहाटे पाड्यावर, मग डहाणू रोड स्टेशनात, दिवसभर बोईसरच्या कारखान्यात, रविवारी संध्याकाळी संघटनेच्या बैठकीत. झाल्या चार जागा. त्याचे नाव कोणी विचारलेसुद्धा नाही. संघटना बांधणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही चौथी जागा विशेष ध्यानात ठेवावी.

कोणी म्हणेल, सरकारदरबारी आपली माहिती पूर्वीपासूनच आहे, आताच काय झाले? खरे आहे. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. त्या नोंदींनी पारध्यांसारख्या जमातींच्या किती पिढ्या हजेरी देण्यात खर्ची घातल्या! कायदा १९५२ मध्ये गेला, पण पोलिसांच्या दप्तरातून तो शिक्का पुसला गेला नाही. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना तर सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर आदेश देऊन काढायला लावावा लागला. जातीवरून कैद्यांना झाडलोट आणि स्वयंपाक वाटून देणारे नियमही त्याच निकालाने घटनाबाह्य ठरले.

फरक आहे तो जोडणीचा. पूर्वी तलाठ्याचे दप्तर तलाठ्याकडे, शाळेचे शाळेत, पोलिसांचे ठाण्यात. कपाटे वेगळी होती म्हणून माणूस थोडाफार सुटत होता. २००४ साली गूगल कंपनीतील जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी प्रचंड माहिती हाताळण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. समजायला ती भातकापणीइतकी सोपी आहे. मोठे शेत एकट्याने कापायचे तर महिना जाईल. शंभर हात लावले, प्रत्येकाने आपापला तुकडा कापला, पेंढ्या बांधून एका खळ्यावर आणल्या आणि तेथे झोडणी केली तर दोन दिवसांत काम संपते. तसेच हजारो साध्या संगणकांवर माहितीचे तुकडे वाटायचे आणि निष्कर्ष एका जागी आणायचा. जे काम करायला पूर्वी कारकुनांच्या पिढ्या लागल्या असत्या ते तासाभरात होऊ लागले. वेगळ्या कपाटांचा आडोसा तेथे संपला.

या प्रचंड जोडणीची सुरुवात आपल्याच राज्यात, आणि तीही आदिवासी गावात झाली हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटे, दोन डोळे, एक चेहरा. नवा माणूस नोंदवताना त्याचे ठसे आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहायचे, म्हणजे एकाला दोन क्रमांक मिळणार नाहीत. गरिबाच्या तोंडचा घास दलाल पळवतात, तो थांबेल असे सांगितले गेले. उद्देशाला आमचा विरोध नव्हता, आजही नाही. पण ज्यांनी माहिती आधी द्यायची आणि ज्यांची माहिती आधी सांडायची, ती माणसे एकच का असावीत?

सांडली कशी ते पाहा. मे २०१७ मध्ये बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेच्या अभ्यासात आढळले की चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. कोणती संकेतस्थळे? आयकराची? शेअर बाजाराची? नव्हे. एक होते वृद्ध-विधवांच्या पेन्शनचे, एक रोजगार हमीचे, उरलेली दोन आंध्र प्रदेशातील योजनांची. ज्या रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली, तिच्यावर माती वाहणाऱ्या मजुराच्या नोंदी जगाला खुल्या. गडी, बंगला, कारखाना असलेल्यांच्या नाहीत.

माहिती जोडून जात काढण्याचीही साधने आहेत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय जनगणनेच्या ग्रामीण याद्यांवरून संशोधकांनी असे साधन तयार केले की आडनाव आणि राज्य घातले की त्या आडनावाचे किती लोक अनुसूचित जातीचे, किती जमातीचे, किती इतर हे सांगते. हेतू भेदभाव मोजण्याचा असू शकतो, आणि तसा उपयोग आपणही केला पाहिजे. पण तेच हत्यार भाड्याचे घर देणाऱ्याच्या, कर्ज देणाऱ्याच्या, नोकरीचे अर्ज चाळणाऱ्याच्या संगणकात बसले तर? स्वीनी यांनीच २०१३ मध्ये दाखवून दिले की इंटरनेटवर कृष्णवर्णीय वाटणारे नाव शोधले की शेजारी 'या माणसाला अटक झाली होती काय' अशा सुराची जाहिरात अधिक वेळा येते. त्यांचे स्वतःचे नाव शोधताना हे लक्षात आले होते. आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे आपल्यापैकी कोणी अनुभवले नाही? आता चेहरा बदलणारे यंत्र आहे, एवढेच.

खासगीपणा ही श्रीमंतांची चैन आहे, उपाशी माणसाला तिचे काय, हा युक्तिवाद आपल्यातले काही कार्यकर्तेही करतात. त्यांनी बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' उघडून पाहावे. मार्च १९४७ च्या या निवेदनात लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे हा हक्क बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांत स्पष्ट लिहिला आहे. अस्पृश्यांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिताना त्यांना तो अनावश्यक वाटला नाही. समितीत मात्र तो टिकला नाही. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशीच सुधारणा मांडली. ही तरतूद उपयुक्त आहे, फौजदारी प्रक्रिया संहितेत ती आहेच, पण घटनेत घातली तर विधिमंडळाला तिला हात लावता येणार नाही, अशा अर्थाचे बाबासाहेब बोलले आणि ती स्वीकारण्याची तयारी त्यांनी दाखवली. सभागृहाने अखेर सुधारणा नामंजूर केली.

तो हक्क मिळायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. गरिबांना नागरी हक्क नकोत, फक्त भाकरी हवी, हा सरकारी सूर न्यायालयाने साफ फेटाळला. आणि या लढाईतील याचिकाकर्त्यांत कोण होते? सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्यासाठी आयुष्य घालवलेल्या माणसाला आपल्या लोकांच्या बोटांच्या ठशांची चिंता का वाटली, याचा विचार वातानुकूलित खोलीतल्या विद्वानांनी करावा. आधारच्या निकालात २६ सप्टेंबर २०१८ रोजी बहुमताने योजना टिकली, खासगी कंपन्यांना मात्र दार बंद झाले. न्या. चंद्रचूड यांचा विरोधी निकाल वेगळा आहे, अभ्यासकांनी तो मुळातून वाचावा.

मग संसदेने कायदा केला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. आता कसे झाले ते पाहा. माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधने आणि नागरिकांचे हक्क १८ महिन्यांनी लागू करायचे ठरले. पण याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल मात्र ताबडतोब लागू! पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावे लागत होते. जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही असे परंतुकही होते. आता 'वैयक्तिक माहिती आहे' एवढे म्हटले की पुरे. सार्वजनिक हिताचे कलम ८(२) शिल्लक आहे, पण त्यासाठी अपिलात झगडावे लागेल. म्हणजे अनुसूचित जातींसाठीचा निधी कोणत्या ठेकेदाराकडे गेला, खोट्या जातप्रमाणपत्रावर कोण नोकरी करतो, हे विचारले की अधिकाऱ्याला खासगीपणा आठवणार. केंद्र सरकारला आपली हवी ती यंत्रणा या कायद्यातून वगळण्याची मुभा आहे. आणि नागरिकाने कर्तव्य चुकवले तर दहा हजारांपर्यंत दंड! आमच्या भगिनीची माहिती उघडी पडली तर तिला भरपाई देणारे कलम या कायद्यात शोधून सापडत नाही.

येथे आपली भूमिका नीट मांडली पाहिजे, कारण दोन्ही बाजूंनी आपल्याला फसवले जाऊ शकते. जातनिहाय जनगणना आपल्याला हवी आहे. केंद्राने ती करण्याचे ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले आणि २०२७ च्या जनगणनेत ती व्हायची आहे. मोजले नाही तर वाटा मागता येत नाही. उद्या कोणी खासगीपणाचे नाव पुढे करून जातीचे आकडे दाबू लागला तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण आकडा आणि माणूस या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात.

कशा, ते आम्ही आशागडला सतरंजीवर बसूनच समजावले. १९६५ मध्ये वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने मांडलेल्या युक्तीचे हे एक सोपे रूप. शंभर बायांना विचारायचे आहे, तुम्हाला त्रास झाला का? प्रत्येकीने कोणाला न दाखवता नाणे उडवावे. छापा पडला तर खरे सांगावे. काटा पडला तर काहीही असो, 'हो' म्हणावे. समजा सत्तर जणी 'हो' म्हणाल्या. त्यांतल्या साधारण पन्नास काट्याच्या. उरलेल्या पन्नासांत वीस खऱ्या 'हो', म्हणजे चाळीस टक्के. कार्यालयाला प्रमाण कळले, पण कोणत्याही एका बाईचे 'हो' खरे की नाण्याचे हे कोणालाच सांगता येत नाही. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी याच जातीच्या कल्पनेला पक्के गणित दिले आणि अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत ते वापरले. तेथे आदिवासी राष्ट्रांनी शंका काढली, ती आपण विसरू नये. आकड्यांत मुद्दाम मिसळलेली ही चूक मोठ्या लोकसंख्येत जिरून जाते, पण शंभर माणसांच्या वस्तीत तीच वस्तीचा हिस्सा गिळू शकते. तेव्हा कातकऱ्यांचा पाडा किंवा बौद्धांची चार घरे यांच्या बाबतीत कोठे आकडा द्यायचा आणि कोठे तालुक्यापुरता ठेवायचा, हे ठरवताना त्या टेबलावर आपला माणूस हवा. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ गणनेच्या नोंदी तपासायला आणि पुराव्यात वापरायला मनाई करते. नाव बाहेर पडणार नाही ही हमी तेवढ्यापुरती आहे. तक्त्यातून माणूस बाहेर पडण्याबद्दल त्यात काही नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही भगिनीच्या वतीने कार्यालयाला द्यायचा अर्ज तयार केला. तक्ता मागे घ्या, नव्याने तालुकानिहाय करा, आणि पुढील पाहणीत एका रकान्यात दहापेक्षा कमी माणसे येत असतील तर तो रकाना छापू नका. तिने अर्ज दोनदा वाचला. मग पेन घेऊन दुसऱ्या परिच्छेदातले अर्धे वाक्य खोडले. सवयीने आम्हीच तेथे तिची किती वर्षे सेवा झाली ते आणि प्रवर्ग लिहून ठेवला होता.

"साहेब, एवढ्यावरून कळेल ना," ती म्हणाली.

आम्ही झेरॉक्सच्या दुकानात जाऊन अर्ज पुन्हा टाइप करून घेतला. दुकानदाराच्या संगणकावर पडदाभर लोकांच्या नावाच्या फायली होत्या. आधार, दाखले, पासबुक, सगळे तसेच. आमची फाईल आम्ही त्याला पुसायला लावली. मग आठवले म्हणून कचऱ्याच्या डब्यातूनही पुसायला लावली. तो म्हणाला, आजवर असं कोणी सांगितलं नव्हतं.